सिनेमा-मालिका न करता फक्त स्वतःचं नवं संगीत रचून घर चालतं का? सल्ला हवाय

तरफ_मिरज

नमस्कार मंडळी, लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात आयटीत आहे. सतार लहानपणापासून. आमच्या गल्लीतच सतारी-तंबोरे करणाऱ्यांची घरं, त्यामुळे भोपळे आणि तारा बघतच मोठा झालो (२०२४ ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत काय आनंद होता काय सांगू). पण मैफलीचा सतारिया व्हायचं असं कधी वाटलंच नाही, मला रचायला आवडतं. सतार, चेलो, पेटी आणि पखवाज यांच्यासाठी ८ ते २० मिनिटांचे पीस लिहितो. शब्द नाहीत, रागाचा आधार असतो पण ख्याल-गतीसारखा विस्तार नाही, बहुतेक सगळं आधी लिहिलेलं असतं आणि मधे मधे वादकांसाठी जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. फ्युजन म्हटलं की लोकांना ड्रम्स आणि बेस गिटार डोळ्यासमोर येतं, ते हे नाही.

चार जण जमून दोन-तीन छोटे कार्यक्रम केले, एक ईपी (छोटा अल्बम) सगळ्या प्लॅटफॉर्म्सवर टाकली, ऐकणारे मनापासून बोलतात, पण पैसे म्हणाल तर वादकांना देऊन हातात काही उरत नाही. बायको कॉलेजात शिकवते, तिचा पूर्ण पाठिंबा आहे, ती म्हणते सोड नोकरी, बघू. आईबाबा मिरजेत, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च माझ्याकडे. मालिकांचं बॅकग्राउंड करणारे दोन मित्र आहेत, ते म्हणतात ये आमच्यात, पण रात्रीत वीस मिनिटांचं टेन्शन म्युझिक काढून सकाळी पाठवायचं हे मला जमणार नाही, त्यांच्या कामाला कमी लेखत नाहीये, माझा पिंडच तो नाही.

तर विचारायचं हे की ज्याला नव्या रचना हेच आयुष्यभर करायचंय त्यानं पैशाची घडी कशी बसवायची? तुमच्यापैकी कोणी बसवलीय का?

आणि एक तातडीचं. एका प्रॉडक्शन हाऊसला माझा एक पीस माहितीपटासाठी हवाय. २५ हजार एकरकमी देतायत आणि करारात लिहिलंय की सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी, आजच्या आणि भविष्यात येणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी त्यांचे. शिवाय मी पुढे कुठल्याही रॉयल्टीवर दावा सांगणार नाही असं एक वाक्य आहे. मित्र म्हणतात सगळीकडे हेच असतं, सही करून टाक. पंधरा दिवसात उत्तर द्यायचंय.

---

पडद्यामागची

तरफ, तुझं वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात नाटक आणि नृत्याचं संगीत करते, बरीच वर्षं हेच करते आणि यावरच घर चालतं, तेव्हा चालतं का याचं उत्तर हो असं आहे. पण ज्या वाटेनं पैसे येतील असं तुला वाटतंय त्या वाटेनं ते येत नाहीत.

स्ट्रीमिंगचं आधी सांगते. स्पॉटिफायचा २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत ट्रॅकला १००० स्ट्रीम्स झाले नसतील तर त्याचे पैसेच धरत नाहीत. आणि ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम, मग तुझा १४ मिनिटांचा पीस कोणी डोळे मिटून पूर्ण ऐकला तरी तो एकच आणि अडीच मिनिटांचं गाणं अर्धवट सोडलं तरी ते पण एकच. आपल्यासारख्यांसाठी ती रचनाच नाहीये. तरी टाकायचं, कारण कोणी विचारलं की लिंक पाठवता येते आणि माझी निम्मी कामं त्या लिंकवरूनच आलीत. पण त्यातून भाडं निघेल ही अपेक्षा ठेवू नको.

माझं घर मुख्यतः चालतं ते नाचणाऱ्या लोकांमुळे. तू पुण्यात राहतोस ही केवढी मोठी गोष्ट आहे माहितीये का तुला? रोहिणीताई भाट्यांनी १९४७ ला नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून इथे कथकच्या किती पिढ्या तयार झाल्या, त्यांच्या शिष्या, त्या शिष्यांचे क्लास, शिवाय भरतनाट्यम वेगळंच, आणि विद्यापीठात ललित कला केंद्र. या सगळ्यांना दरवर्षी नवीन काहीतरी बसवायचं असतं आणि त्याच त्याच जुन्या रेकॉर्डिंगवर किती दिवस नाचणार. शब्द नसलेलं, १२-१५ मिनिटं टिकणारं, आतून लयीचा हिशोब पक्का असलेलं संगीत त्यांना हवं असतं आणि ते करणारे फार थोडे आहेत. तू जे लिहितोस तेच हे. पखवाज तर तुझ्याकडे आहेच. एका नृत्यांगनेला तुझी रचना एकदा अंगात भिनली ना की पुढच्या वेळी ती दुसरीकडे जात नाही, माझ्याकडे अशा तिघी-चौघी आहेत, वर्षाला प्रत्येकीचं एखादं काम ठरलेलं असतं आणि माझ्या वर्षाचा पाया तिथेच पडतो.

त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं तर त्यांचे कार्यक्रम बघायला जा. मेल नको पाठवूस. जा, बघ, नंतर भेटून अमुक ठिकाणी तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) संपल्यावर तुम्ही जी दोन आवर्तनं स्थिर उभ्या राहिलात ते फार आवडलं असं काहीतरी खरंखुरं बोल. तुला खरंच आवडलं असेल तरच अर्थात. तालमीला येऊन बसू का विचार. मी तालमीत बसून जेवढं शिकले तेवढं कुठल्या कोर्सात शिकले नसते.

नाटकाबद्दल. प्रायोगिकमधे पैसे कमी हे खरंच आहे, पण तिथे डोकं चालवायला जागा मिळते, फिरोदिया करंडकाची कॉलेजांची स्पर्धा करणारी मुलं बघ, स्टेजवर लाइव्ह काय काय करतात, त्यातलेच पुढे दिग्दर्शक होतात आणि तुला बोलावतात. भास्कर चंदावरकरांनी १९७२ मधे घाशीरामला जे संगीत दिलं ते हौशी-प्रायोगिक संस्थेच्या नाटकाला दिलेलंच होतं की. आता व्यवहार. व्यावसायिक नाटक असेल तर मी एकरकमी थोडं कमी घेते आणि प्रयोगामागे ठरावीक रक्कम मागते, नटांना नाइट मिळते तशी. पहिल्यांदा मागितली तेव्हा निर्माता म्हणाला म्युझिक तर एकदाच रेकॉर्ड होतं, दर प्रयोगाला कसले पैसे? मी म्हटलं नाटकही एकदाच लिहिलं जातं, लेखकाला दर प्रयोगाला देताच ना. थोडा वेळ गप्प बसला आणि मग कबूल झाला. सगळे होत नाहीत. पण मागायचं.

अजून एक, बिल नेहमी फोडून द्यायचं. रचनेचं मानधन वेगळं, वादकांचं वेगळं, स्टुडिओ वेगळा, मिक्सिंग-मास्टरिंग वेगळं. समोरचा म्हणतो ६० हजारात सगळं करून द्या, आपण खुशीत हो म्हणतो, मग चेलोवाला, पखवाज, पेटी, स्टुडिओचे दोन दिवस, मिक्सिंग असं करत करत ५२ हजार संपतात आणि दोन महिने राबून रचनाकाराच्या हातात ८. वेगळं लिहिलं की त्यांना कापायचंच असेल तर ते वादक कमी करू का विचारतात, तुझं मानधन कोपऱ्यात सुरक्षित राहतं. निम्मे पैसे काम सुरू व्हायच्या आधी, उरलेले फायनल फाइल द्यायच्या आधी. फाइल दिल्यावर नाही.

करारावर कलम१८ यांनी बोलावं, त्यांचा विषय आहे. मी एवढंच म्हणेन की आत्ता सही करू नकोस.

---

कलम१८

पडद्यामागची यांनी हाक मारलीच आहे तर सविस्तर लिहितो. मी वकील आहे, कॉपीराइटची कामं करतो. सर्वसाधारण माहिती देतोय, तुमचा प्रत्यक्ष करार कोणाला तरी दाखवाच.

रॉयल्टीवर दावा सांगणार नाही हे जे वाक्य आहे ते कायद्यात टिकत नाही. २०१२ मधे कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार चित्रपटात वापरलेल्या संगीताच्या आणि गीताच्या रचनाकाराला थिएटरमधे चित्रपट दाखवणं सोडून इतर सगळ्या वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा घ्यायचा हक्क आहे आणि हा हक्क तो कोणाला देऊनही टाकू शकत नाही, सोडूही शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे रचनाकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. याविरुद्ध काही लिहून घेतलं असेल तर ते रद्दबातल. कायद्यात चित्रपट या शब्दात माहितीपटही येतो, ओटीटीवरचाही येतो. तेव्हा ते वाक्य काढा असं सरळ लिहून कळवा, भांडणाचा सूर नको, कायद्याशी विसंगत आहे एवढंच म्हणा. जी प्रॉडक्शन हाऊसेस नीट काम करतात ती काढतात.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. तुमचा पीस त्यांच्यासाठी केलेला नाही, आधीपासून आहे. मग सर्व हक्क विकायचे कशाला? त्यांना त्यांच्या माहितीपटात तो वाजवायचाय, तेवढीच परवानगी द्या, म्हणजे लायसन्स, तेही नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे तोच पीस इतरांनाही देता येईल असं. या माहितीपटासाठी, या या माध्यमांत, इतक्या वर्षांसाठी. पीस तुमचाच राहतो, उद्या नृत्यासाठी द्या, मैफलीत वाजवा, दुसऱ्या माहितीपटाला द्या. आज सगळं देऊन टाकलं तर स्वतःचाच पीस स्वतःच्या पुढच्या अल्बममधे घ्यायला त्यांची परवानगी लागेल, हे लोकांना खूप उशिरा कळतं.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा कायमचे आणि जगभर हे शब्द आवर्जून घालतो. ते शब्द तुम्ही खोडू शकता.

नाटक-नृत्यात मात्र सावध. २०१२ ची ती तरतूद चित्रपट आणि ध्वनिमुद्रणापुरती आहे, रंगमंचावरच्या कामात तुमचं रक्षण तुमचा करारच करणार. दोन पानी साधं पत्र पुरतं. रचना कोणाची, कुठे कुठे वाजणार, प्रयोगामागे किती, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर काय.

आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे, सभासद झाला आहात का? नसाल तर व्हा. १९६९ ची संस्था आहे, २०१७ मधे कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली, त्यानंतर कारभारात फरक पडलाय. तुमच्या ईपीतून दोन वेगळे पैसे निघतात, एक रेकॉर्डिंगचे, जे डिस्ट्रिब्युटरकडून (ईपी प्लॅटफॉर्म्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) येतात, आणि दुसरे रचनेचे, जे आयपीआरएसकडून येतात. पहिले घेणाऱ्या बहुतेकांनी दुसऱ्यांचं नावच ऐकलेलं नसतं. सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक रचना त्यांच्याकडे नोंदवावी लागते, न नोंदवलेल्या रचनेचे पैसे तुमच्यापर्यंत येणार कसे. परदेशातल्या सोसायट्यांशी त्यांचे परस्पर करार असतात, उद्या तुमचा पीस बाहेर कुठे वाजला तर तिकडून इकडे येण्याची वाट तीच.

कॉपीराइट रजिस्टर करणं सक्तीचं नाही, रचना झाली की हक्क झालाच, नोटेशन लिहिलेलं नसलं तरीही. पण महत्त्वाच्या रचनांचं करून ठेवलंत तर वाद झाल्यावर कामी येतं, संगीतरचनेची फी ५०० रुपये, रेकॉर्डिंगची २०००.

आणि एक, तुम्ही अजून आयटीत आहात. तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. काही कंपन्या नोकरीच्या काळात केलेल्या सगळ्याच निर्मितीवर हक्क सांगणारं कलम घालतात आणि बाहेरच्या कमाईला बंदी घालतात. असेल तर एचआरकडून संगीतापुरती लेखी मोकळीक घ्या.

---

सारेगम_शिकवणी

नागपूरहून लिहितेय. मी पेटी आणि गाणं शिकवते आणि चाली बांधते. लाखाचं एक काम आणि मग चार महिने शुकशुकाट हे संगीतात नेहमीचं आहे, ते चार महिने शिकवणीवर निघतात, आणि सतार शिकायला परदेशातली आपली मुलं खूप उत्सुक असतात, मिरजेचा सतारिया म्हटल्यावर तर बघायलाच नको. अमेरिकेतल्या शनिवार-रविवार सकाळी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ-रात्र, तेवढेच तास द्यायचे. पण सकाळ शिकवणीला देऊ नका. सकाळी डोकं ताजं असतं ती वेळ रचनेची, एकदा ती विकली की परत मिळत नाही. वीसच्या वर विद्यार्थी घेतले की रचना थांबतात हे मी माझ्या आसपास फार पाहिलंय.

---

राईनकाठ

मी मूळचा डोंबिवलीचा, कोलोनला राहतो, इथेच कॉम्पोझिशन शिकलो आणि नवं संगीत रचतो. इकडे याला नॉये मुझीक म्हणतात आणि त्याची एक संपूर्ण व्यवस्था आहे, ती सांगतो म्हणजे तरफ यांना अंदाज येईल की बाहेर बघायचं की नाही.

इथे रचनाकाराला काम देणारा मोठा आश्रयदाता लोकांनी भरलेल्या प्रसारण शुल्कावर चालणारा सार्वजनिक रेडिओ आहे. डब्ल्यूडीआर, एसडब्ल्यूआर ही प्रादेशिक प्रक्षेपण केंद्रं नवीन रचना लिहून घेतात, पैसे देतात, आपल्या महोत्सवांत वाजवतात, डोनाउएशिंगनचा महोत्सव १९२१ पासून आहे. मग फ्रँकफर्टचं अन्साम्बल मोडर्न, कोलोनचं मुझीकफाब्रिक असे पूर्णवेळ नवं संगीतच वाजवणारे वादकसमूह आहेत. एर्न्स्ट फॉन सीमेन्स फाउंडेशनसारख्या संस्था एखाद्या समूहानं रचना मागवली की त्याचे पैसे देतात. म्हणजे रचनाकारानं दारोदार फिरायचं नसतं, समूहाला तुमची रचना हवी असं वाटलं की पैशाचा अर्ज बहुतेकदा तेच करतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. इथे १९८३ पासून कलाकारांची सामाजिक विमा योजना आहे, क्युन्स्टलरसोझियालकासे. आरोग्य विमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता मी भरतो, उरलेल्यातला काही भाग केंद्र सरकार आणि काही भाग कलाकारांकडून कामं करून घेणाऱ्या कंपन्या भरतात. वर्षाला किमान ३९०० युरो कलेतून कमावतो एवढं दाखवावं लागतं. आजारी पडलो तर रस्त्यावर येणार नाही ही खात्री असल्यावरच माणूस १८ मिनिटांचा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) लिहायला शांतपणे बसू शकतो. तुमच्याकडे ही योजना नाही, म्हणून तरफ, रचना लिहून देण्याचं पहिलं काम येण्याआधी स्वतःचा आणि आईबाबांचा आरोग्य विमा करून घ्या. नोकरीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. यावर मी फार पोटतिडकीने लिहितोय कारण ओळखीतल्या गुणी माणसांचं संगीत हॉस्पिटलच्या बिलांनी थांबलेलं पाहिलंय.

इथेही केवळ रचनेवर जगणारे थोडेच, बहुतेक जण शिकवतात. आणि फिलिप ग्लासचं उदाहरण माहीत असेलच, आज जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रचनाकारांपैकी एक, त्यानं न्यूयॉर्कमधे प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली, १९७६ मधे त्याचा ऑपेरा मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमधे झाल्यानंतरही टॅक्सी चालवत होता. गांधीजींवरचा त्याचा ऑपेरा, ज्याचे शब्द संस्कृतात गीतेतले आहेत, तो रॉटरडॅम शहरानं लिहून घेतला आणि १९८० मधे झाला, तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. पण मला त्याच्यातली शिकण्यासारखी गोष्ट टॅक्सी नाही, त्याचा ग्रुप आहे. १९६८ मधे त्यानं स्वतःचा वादकसमूह उभा केला आणि बरीच वर्षं आपलं संगीत त्याच समूहानं वाजवायचं असं ठेवलं. कोणाला ते संगीत हवं असेल तर समूहालाच बोलवावं लागे, वादकांनाही काम मिळे आणि रचनाही त्याला हव्या तशा वाजत. तरफ, तुमच्याकडे चार जण आहेत. त्या चौघांना एक नाव द्या आणि तो समूह टिकवा, एकट्या रचनाकाराला कोणी बोलवत नाही, समूहाला बोलावतात.

बाहेर रचना पाठवायच्या असतील तर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) आलंच पाहिजे, सतारीचा भाग सरगममधे असला तरी चेलोचा भाग तिथल्या वादकाला पहिल्या नजरेत वाचता यायला हवा. स्कोअर, वेगवेगळे पार्ट्स, चांगलं लाइव्ह रेकॉर्डिंग, एवढं तयार असलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोणाला पाठवायचं ते मी सांगतो.

---

शिवाजीपार्क_श्रोता

राईनकाठ यांनी रेडिओचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. अहो, आपल्याकडेही रेडिओ हाच आश्रयदाता होता. १९५५-५६ मधे आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं गदिमा आणि बाबूजींकडून दर आठवड्याला एक नवं गीत करून घेतलं, अशी ५६ गीतं झाली, तेच गीतरामायण. वर्षभराचं काम आधी ठरलेलं, वाट बघणारे श्रोते ठरलेले, आणि पुढे बाबूजींनी त्याचे कार्यक्रम आयुष्यभर केले. एक सलग मोठी कृती, जी स्वतः सादर करता येते आणि लोक पुन्हा पुन्हा ऐकायला येतात, तिचं बळ मी लहानपणापासून पाहत आलोय. यशवंत देवांची आकाशवाणीत नोकरी होती आणि तिथे राहूनच त्यांनी केवढं काम केलं. तेव्हा नोकरी आणि रचना यांचं वैर आहे असं मनात धरू नका.

आम्ही काही मंडळी मिळून घरगुती बैठका करतो, तीस-चाळीस श्रोते, वर्षाची वर्गणी आधीच गोळा होते, कलाकाराला पाकीट आधी ठरवून देतो. नवीन संगीत ऐकायला लोक येत नाहीत हे मला मान्य नाही. येतात, पण त्यांना दोन शब्द सांगणारा रचनाकार लागतो, हा पीस कुठून आला, यात काय ऐकायचं. आमच्याकडे एका तरुणानं ११ मात्रांची रचना वाजवण्यापूर्वी टाळ्या देऊन सगळ्यांकडून ठेका म्हणून घेतला, नंतर सत्तरीतल्या बायकासुद्धा शेवटच्या तिहाईला सम पकडत होत्या! महाराष्ट्रभर अशी मंडळं आहेत, कोल्हापूरचा देवल क्लब तर १८८३ पासूनचा, मिरज-सांगलीचा श्रोता केवढा जाणकार. तुम्ही वर्षाला एक नवी तासाभराची कृती करा आणि तीच घेऊन दहा गावांत जा. दर कार्यक्रमाला नवं काही करायला गेलात तर दमाल आणि कुठलीच रचना पिकणार नाही.

अनुदानांचंही बघून ठेवा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयोगटासाठी आहे, महिना १० हजार, दोन वर्षं. रक्कम मोठी नाही पण एका मोठ्या कृतीच्या अभ्यासाला तो आधार होतो, निकाल लागायला वेळ लागतो हे धरून चाला. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना पैसे देते. पणजीत डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सव होतो, २०१६ पासून, तिथे नव्या संगीताला जागा असते, एकदा नुसतं बघायला म्हणून तरी जाऊन या.

---

तरफ_मिरज

काय बोलू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं.

अपॉइंटमेंट लेटर काढून बघितलं, कलम१८ म्हणाले तसं कलम खरंच आहे, एचआरला लिहितोय. प्रॉडक्शन हाऊसला कळवलं की हक्क देत नाही, लायसन्स देतो, ५ वर्षं, फक्त या माहितीपटासाठी, आणि ते रॉयल्टीचं वाक्य काढा. त्यांचा आधी फोन आला की मग २५ देणार नाही, १८ देऊ. मी हो म्हणालो. बरोबर केलं ना? नोकरी लगेच सोडत नाही, आधी विमा आणि वर्षभराचा खर्च बाजूला, आणि ऑफिसात आठवड्याला चार दिवसांचं काही होतं का ते विचारतोय, पगार कापला तरी चालेल.

पडद्यामागची, एक प्रश्न. नृत्यासाठी मानधन किती सांगायचं? मिनिटावर, की कामावर?

---

पडद्यामागची

अगदी बरोबर केलंस. ७ हजार कमी आले पण पीस तुझ्याकडे राहिला, तो अजून तीन ठिकाणी जाईल.

मिनिटावर नको. बाहेर तशी पद्धत आहे, राईनकाठ सांगतील, पण आपल्याकडे मिनिटावर ठरवलं की समोरचा १२ चं ९ मिनिटं करा म्हणतो आणि मग रचना कात्रीखाली जाते. मी आठवडे मोजते. या कामाला माझे किती आठवडे जाणार, आणि माझ्या घराचा महिन्याचा खर्च किती, त्यावरून खालची रेघ ठरते. त्याखाली मी जात नाही. क्लासच्या मुलींचं काम असेल, खरंच पैसे नसतील, तर मानधन कमी करण्याऐवजी आधीची तयार रचना वापरायला देते, त्याचे थोडे पैसे घेते. नवीन रचना स्वस्तात करायची नाही. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, हे पत्रात लिही. नाचाच्या कामात दुरुस्त्या संपतच नाहीत.

पुढच्या महिन्यात आमची एक तालीम आहे, पखवाजवाल्याला घेऊन ये. व्यनि करते.

---

राईनकाठ

इकडे मिनिट, वादकांची संख्या आणि समूह किती मोठा यावर ठरतं, पण त्यामागे संघटनांनी सुचवलेले दर असतात. तसे दर हाताशी नसतील तर आठवड्यांचा हिशोबच बरा.

---

कलम१८

१८ ला लायसन्स, चांगला व्यवहार आहे. त्यांचं सुधारित पत्र आलं की नॉन-एक्सक्लुझिव्ह हा शब्द आहे का बघा आणि श्रेयनामावलीत तुमचं नाव रचनाकार म्हणून येणार हे लिहून घ्या.

एक मुद्दा राहिला होता. त्या रेकॉर्डिंगमधे चेलो, पेटी आणि पखवाज वाजवणाऱ्या तिघांची लेखी संमती आहे का तुमच्याकडे? वादकांचाही स्वतंत्र हक्क असतो, ५० वर्षांचा. मित्र आहेत म्हणून कोणी कागद करत नाही आणि रचना कुठेतरी मोठी वाजली की मैत्रीवर ताण येतो. प्रत्येकाचं एका पानाचं पत्र करा, त्यात आज दिलेली रक्कम लिहा आणि पुढे लायसन्समधून पैसे आले तर त्यातला वाटा किती तेही लिहा. या १८ हजारांपासूनच सुरू करा, त्यांचा वाटा ठरवून त्यांना कळवा आणि मगच माहितीपटवाल्यांच्या पत्रावर सही करा.